गुणधर्म शिकवायचा तर तो आधी मोडून दाखवा

प्रश्न : नववीला परिमेय संख्यांचे गुणधर्म शिकवले. क्रमनिरपेक्षता (जागा बदलल्या तरी उत्तर तेच), साहचर्य (कंस सरकवला तरी उत्तर तेच), अविकारक (ज्यानं काहीच बदलत नाही, जसं बेरजेत ०), व्यस्त (ज्याच्यासोबत अविकारक मिळतो, जसं ३ ला −३), सगळी सूत्रं मुलांनी परीक्षेत बरोब्बर लिहिली. पण ‘वजाबाकीला साहचर्य गुणधर्म लागू पडतो का?’ असं विचारलं की अर्धा वर्ग ‘हो’ म्हणतो. हीच मुलं पुढे अकरावी-बारावीत मॅट्रिक्सला (ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटींना) अडखळतात, असं ज्युनिअर कॉलेजचे सर सांगतात. हा भाग कसा शिकवावा, आणि त्याला किती तास द्यावेत? (दिंडोरी तालुक्यातल्या एका माध्यमिक शिक्षिकेकडून)

मॅडम, सूत्रं बरोबर आणि वजाबाकी चूक, यात मुलांचा दोष मला फार दिसत नाही. पुस्तकात हे गुणधर्म एका चौकटीत येतात : डावीकडे बेरीज, उजवीकडे गुणाकार, आणि दोघींना सगळंच लागू. जे कधी खोटं ठरतच नाही ते सांगून काय सांगितलं, हे मुलाला कळणार कसं? २ + ३ आणि ३ + २ सारखे, हे त्याला पहिलीपासून ठाऊक आहे. नववीत त्याला एक भारदस्त नाव मिळालं, एवढंच. मग मूल ते नाव पाठ करतं आणि मोकळं होतं.

म्हणून माझा क्रम पुस्तकाच्या उलटा असतो. ज्या क्रियेत गुणधर्म मोडतो ती आधी, ज्यात टिकतो ती नंतर. गणिताचा इतिहासही काहीसा असाच चालला आहे. अदलाबदल केली तरी गुणाकार तोच येतो, हे युक्लिडनं ‘एलिमेंट्स’च्या सातव्या पुस्तकात सिद्ध करून ठेवलं होतं. तरी ‘क्रमनिरपेक्ष’ आणि ‘वितरण’ (२ × (३ + ४) = २ × ३ + २ × ४ असं वाटून देणं) या अर्थाची नावं सेर्व्हुआ या फ्रेंच गणितज्ञानं १८१४ साली वापरली, आणि तीही साध्या संख्यांबद्दल बोलताना नव्हे. १८४३ च्या ऑक्टोबरात हॅमिल्टन या गणितज्ञाला डब्लिनमध्ये क्वाटर्निअन (चार घटकांच्या संख्या) सुचले, त्यात गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. त्याच डिसेंबरात त्याच्या मित्रानं, ग्रेव्ह्जनं, ऑक्टोनिअन (आठ घटकांच्या संख्या) काढले, त्यात साहचर्यही गेलं. हजारो वर्षं फुकट मिळालेल्या गोष्टी हातातून निसटू लागल्या तेव्हा त्यांना नावं द्यायची गरज पडली. मुलांनाही तसंच निसटू द्यावं.

सुरुवात ‘क्रिया म्हणजे काय’ इथून. बायनरी ऑपरेशन हा शब्द नववीत वापरायची घाई नको. दोन घटक घ्यायचे, कोणता आधी कोणता नंतर ते लक्षात ठेवायचं, आणि नियमानं एकच उत्तर द्यायचं. इथे मी मुलांना आपल्या देवळालीच्या कापरेकर सरांची (१९०५–१९८६) गोष्ट सांगतो. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी शोधलेला ६१७४ हा अंक जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा, पुन्हा तेच. सिंहस्थाचं साल घेऊ, २०२७. ७२२० − ०२२७ = ६९९३, ९९६३ − ३६९९ = ६२६४, ६६४२ − २४६६ = ४१७६, ७६४१ − १४६७ = ६१७४. मुलं खूश होतात. मग विचारायचं, ही आपल्या व्याख्येतली क्रिया आहे का? नाही, कारण ती एकाच संख्येवर चालते. आणि तिच्या पोटात असलेली वजाबाकी? ती दोन संख्यांवर चालते. व्याख्येची कड इतकी स्पष्ट करायला दुसरं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही, आणि जिल्ह्यातल्या एका शाळामास्तराचं नाव वर्गात निघतं हा वरचा लाभ.

आता पहिली खरी क्रिया : दगड-कागद-कात्री. संच तीन वस्तूंचा. ‘दगड ∗ कागद’ म्हणजे या दोघांत जो जिंकेल तो, म्हणजे कागद. दोन्हीकडे एकच वस्तू आली तर तीच उत्तर. फळ्यावर तीन बाय तीनचा तक्ता काढा आणि नऊ घरं मुलांकडून भरून घ्या. उत्तर प्रत्येक वेळी त्या तिघांतलंच येतं, म्हणजे संच या क्रियेला बंदिस्त आहे. क्रम बदलला तरी जिंकणारा तोच, म्हणजे क्रमनिरपेक्ष. डावीकडल्या वरच्या कोपऱ्यातून खाली जाणाऱ्या कर्णावर तक्ता दुमडला तर दोन्ही भाग जुळतात, हे मुलं स्वतः सांगतात. मग तिघांना उभं करायचं : दगड, कागद, कात्री. आधी डावीकडचे दोघे खेळले तर कागद जिंकतो, कागद विरुद्ध कात्री, शेवटी कात्री उरते. आधी उजवीकडचे दोघे खेळले तर कात्री जिंकते, दगड विरुद्ध कात्री, शेवटी दगड उरतो. माणसं त्याच जागी उभी, कोणी हललं नाही, फक्त कोणता सामना आधी हे बदललं आणि विजेता बदलला. वर्गात इथे थोडा गोंधळ होतो, होऊ द्यावा.

या एका तक्त्यानं मुलांचा सर्वांत चिवट घोटाळा सुटायला लागतो. (२ + ३) + ४ = ४ + (२ + ३) हे लिहून ‘कोणता गुणधर्म?’ विचारा. कंस दिसला की मुलं ‘साहचर्य’ लिहून मोकळी होतात. पण इथे जागा बदलल्या आहेत, कंस तसाच आहे. ही क्रमनिरपेक्षता. साहचर्यात अ, ब, क त्याच रांगेत राहतात, फक्त कंस सरकतो. मी मुलांना कंस बोटानं झाकून दोन्ही बाजू वाचायला लावतो. वाचन सारखं आलं तर साहचर्य, नाही तर दुसरं काहीतरी.

खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात जड भाग साहचर्य हाच आहे, आणि पुस्तकात त्याला बाकीच्यांएवढीच एक ओळ मिळते. तक्त्यात क्रमनिरपेक्षता डोळ्यांना दिसते. अविकारक दिसतो, कारण त्याची ओळ आणि त्याचा स्तंभ शीर्षकासारखेच असतात. व्यस्तही शोधता येतो. साहचर्य मात्र दिसत नाही, ते तपासावं लागतं, आणि तीन घटकांच्या संचाला तशी सत्तावीस त्रिकुटं होतात. (संचात अविकारक असेल तर तो ज्यात येतो ती त्रिकुटं आपोआप जुळतात, मग फक्त आठ तपासायची. हे हुशार मुलाला शोधू द्या.) तीन चिन्हांवर एकूण तक्ते ३ चा नववा घात, म्हणजे १९,६८३ होतात. त्यातले ७२९ क्रमनिरपेक्ष, आणि साहचर्य पाळणारे फक्त ११३. साठ मुलांना डोळे मिटून घरं भरायला लावली, तर सरासरीनं दोघातिघांचा तक्ता क्रमनिरपेक्ष निघेल. साहचर्य पाळणारा एखादा निघाला तरी नशीब. बेरीज-गुणाकाराला ते मिळालंय ही किती दुर्मीळ गोष्ट आहे, हे त्या आकड्यांतून कळतं.

साहचर्य नसेल तर व्यवहारात काय बिघडतं? त्यासाठी आपल्या भागातलं उदाहरण घ्या. दोन संख्यांची सरासरी ही क्रिया. लासलगावला कांद्याच्या तीन सारख्या वजनाच्या गाड्यांना क्विंटलमागे १२००, १६०० आणि २००० रुपये भाव मिळाला असं धरा. पहिल्या दोन्हींची सरासरी १४००, तिची आणि २००० ची १७००. उलट बाजूनं जा : शेवटच्या दोन्हींची १८००, तिची आणि १२०० ची १५००. खरी सरासरी १६००. एकच माल, तीन आकडे. निफाडकडची मुलं या उदाहरणावर कान टवकारतात, कारण शंभर रुपये इकडचे तिकडे म्हणजे काय ते त्यांच्या घरी रोज बोललं जातं. क्रमनिरपेक्षता असूनही सरासरीची सरासरी काढू नये, हे इथे एकदाच पक्कं होतं. (आपणही तुकड्यांच्या सरासरीवरून शाळेची सरासरी काढतो तेव्हा हेच करत असतो, पण ते मुख्याध्यापकांना सांगायला जाऊ नका.)

इथे थांबू नका, दुरुस्तीही मुलांकडून करून घ्या. प्रत्येक भावासोबत गाड्यांची संख्या बाळगायची : (१२००, १), (१६००, १), (२०००, १). क्रिया अशी की बेरजेत बेरीज, संख्येत संख्या. (२८००, २), मग (४८००, ३). आता कंस कुठेही घाला, शेवटी एकदाच भागायचं, १६००. मोडकी क्रिया थोडी जास्त माहिती बाळगली की साहचर्य पाळायला लागते. संगणकात अवाढव्य आकडेमोड तुकड्यांत वाटून करतात तेव्हा हीच युक्ती वापरतात.

आता माझ्या मते या प्रकरणाचा गाभा. आपण समीकरण सोडवायला शिकवतो तेव्हा ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ म्हणतो. क्ष + ३ = ७, म्हणून क्ष = ७ − ३. हे वाक्य मुलांच्या तोंडी इतकं बसलंय की त्यामागे काही कारण आहे हेच विसरलं जातं. एकदा ते फळ्यावर उलगडून लिहा. दोन्ही बाजूंत −३ मिळवले : (क्ष + ३) + (−३) = ७ + (−३). कंस सरकवला : क्ष + (३ + (−३)). इथे साहचर्य लागलं. मग ३ + (−३) = ०, इथे व्यस्त. मग क्ष + ० = क्ष, इथे अविकारक. क्रमनिरपेक्षता कुठेच लागली नाही, हे मुलांना विचारून काढून घ्या. त्यांना वाटत असतं की तीच सगळ्यांत महत्त्वाची.

आणि आता साहचर्य काढून घ्या. पूर्ण संख्यांवर अ ∗ ब = दोघांतला फरक, मोठ्यातून लहान वजा. उत्तर पूर्ण संख्याच. क्रम बदलला तरी तेच. शून्य अविकारक, कारण अ आणि ० यांतला फरक अ. प्रत्येक संख्या स्वतःचीच व्यस्त, कारण अ ∗ अ = ०. कागदावर बघितलं तर सगळं आलबेल, फक्त साहचर्य नाही. आता क्ष ∗ १ = १ सोडवा. नेहमीच्या रीतीनं दोन्ही बाजूंवर १ ची क्रिया केली की उजवीकडे १ ∗ १ = ०, डावीकडे कंस सरकवून क्ष ∗ (१ ∗ १) = क्ष ∗ ० = क्ष. म्हणजे क्ष = ०. ताळा बरोबर आहे, ० आणि १ यांतला फरक १. पण २ आणि १ यांतला फरकही १ च! दुसरं उत्तर गेलं कुठे? क्ष = २ ठेवून दोन्ही कंस काढायला सांगा : (२ ∗ १) ∗ १ = ०, पण २ ∗ (१ ∗ १) = २. कंस सरकवला त्या पायरीवर उत्तर गळालं. नववीच्या मुलाला हे पूर्ण समजतं. साहचर्य कशासाठी असतं, याचं याहून थेट उत्तर माझ्याकडे नाही.

अविकारक आणि व्यस्त यांवर फार वेळ घालवू नका, पण दोन गोष्टी सोडू नका. एक, अविकारक दोन्ही बाजूंनी चालला पाहिजे. अ − ० = अ, पण ० − अ नव्हे, म्हणून वजाबाकीला अविकारक नाही. दोन, अविकारक संचावर अवलंबून असतो. लसावि ही नैसर्गिक संख्यांवरची क्रिया घ्या, अविकारक १. मसाविचा कोणता? प्रत्येक संख्येनं भाग जाईल अशी संख्या हवी, आणि नैसर्गिक संख्यांत ती नाही. शून्य संचात घेतलं की मिळाली, कारण ० आणि १२ यांचा मसावि १२. सहावीत शिकलेल्या लसावि-मसाविला मुलं असं कधी बघत नाहीत.

अ ∗ ब = अ + ब + अब ही क्रिया स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत हमखास असते, आणि ती कोणाच्या डोक्यातून आकाशातून पडली असं मुलांना वाटतं. ती येवल्याच्या पैठणीच्या दुकानात आहे. दहा हजारांच्या पैठणीवर २० टक्के सूट आणि वर १० टक्के. सूट म्हणजे −०.२ आणि −०.१. −०.२ − ०.१ + ०.०२ = −०.२८. म्हणजे एकूण सूट ३० नाही, २८ टक्के, आणि किंमत ७२००. आधी १० आणि मग २० दिली तरी ९००० वरून ७२००. क्रमनिरपेक्षता आणि साहचर्य दोन्ही आहेत, कारण आतून हा (१ + अ) आणि (१ + ब) यांचा गुणाकार आहे. अविकारक ०, ना सूट ना वाढ. व्यस्त काढायला सांगा : २० टक्के सूट भरून काढायला किती टक्के वाढ? वर्ग एका सुरात ‘वीस’ म्हणतो. सूत्र −अ ÷ (१ + अ), त्यात −०.२ घातलं की ०.२५, म्हणजे पंचवीस टक्के. आणि −१ ला व्यस्त नाही. शंभर टक्के सूट देऊन वस्तू फुकट दिली की कितीही टक्के वाढ करून तिची किंमत परत आणता येत नाही. छेदात शून्य येतं हे बीजगणित आणि दुकानदाराची अक्कल इथे एकत्र भेटतात.

वितरण गुणधर्माबद्दल एवढंच, की तो एका क्रियेचा नाही, दोन क्रियांमधल्या नात्याचा आहे, आणि नातं एकतर्फी असू शकतं. गुणाकार बेरजेवर वितरित होतो, बेरीज गुणाकारावर नाही : २ + (३ × ४) = १४, पण (२ + ३) × (२ + ४) = ३०. (अ + ब) चा वर्ग अ² + ब² लिहिणारं मूल वर्ग करण्याची क्रिया बेरजेवर वाटून टाकत असतं. त्याला ‘सूत्र पाठ कर’ म्हणण्याऐवजी ‘इथे वाटायची परवानगी कोणी दिली?’ विचारा. दोन्ही बाजूंनी वितरण होणारी जोडीही दाखवा. नववीच्याच पुस्तकात संयोग आणि छेद आहेत. लसावि-मसाविचंही तसंच : १२, ८, १८ घेऊन मुलं दोन्ही बाजूंनी पडताळू शकतात.

वजाबाकीच्या तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते गाडी. १० − ५ − २ चं उत्तर ३ येतं, कारण डावीकडून सोडवायचं असं आपण ठरवलंय. असं ठरवावं लागलं, कारण साहचर्य नाही : १० − (५ − २) = ७, आणि हे मुलांकडूनच वदवून घ्या, घाईत आठ म्हणणारे निघतातच. बेरजेला असा संकेत लागत नाही. २ चा ३ घात आणि त्यावर २ घात, याला तर संकेतही एक नाही : २^३^२ एक्सेलमध्ये ६४ देतं, पायथॉन या संगणकाच्या भाषेत (तिथे २**३**२ लिहितात) ५१२. शाळेच्या संगणक कक्षात दोन्ही असतील तर शेजारी ठेवून दाखवा. जमलं तर पायथॉनमध्येच ०.१ + ०.२ + ०.३ दोन प्रकारे कंस घालून करून बघा. एकदा ०.६ येतं, एकदा ०.६ च्या मागे शून्यांची रांग आणि शेवटी एक. यंत्राच्या आतली दशांश बेरीज साहचर्य पाळत नाही.

मॅट्रिक्सचं म्हणाल तर तिथे परिस्थिती उलटी आहे : साहचर्य आहे, क्रमनिरपेक्षता गेली. अ·क्ष = ब सोडवताना अ चा व्यस्त दोन्हीकडे डाव्याच बाजूनं लावावा लागतो. मुलं ब च्या उजवीकडे लावतात, कारण आयुष्यभर बाजू कधी महत्त्वाची नव्हती. नववीत तीन चिन्हांचा, क्रमनिरपेक्ष नसलेला पण साहचर्य पाळणारा एक तक्ता दाखवला असेल तर हा धक्का बसत नाही. सगळ्यांत सोपा अ ∗ ब = अ, म्हणजे ‘पहिला बोलेल ते खरं’.

तासांचं : नववीला चार पुरतात. एक दगड-कागद-कात्री आणि तक्ते, एक कांद्याचा भाव, एक समीकरणाचा, एक अविकारक-व्यस्ताचा. वितरण बीजगणितात वर्षभर येतच राहतं, त्याला वेगळा तास नको. घटक चाचणीत ‘साहचर्य गुणधर्म लिहा’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी तीन घटकांचा, एक घर रिकामं ठेवलेला तक्ता द्या आणि विचारा : क्रिया क्रमनिरपेक्ष व्हायला इथे काय हवं? अविकारक असायला काय हवं? एका प्रश्नाला ठरावीक उत्तर आणि दुसऱ्याला ‘काहीही चालेल’ असं येईल असा तक्ता निवडा, म्हणजे शेजारच्याचं बघून लिहिणाऱ्यालाही एकदा विचार करावा लागतो.